पुढच्या सीटचा मान

रत्नागिरी
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९३५

रा. रा. महिपतराव सावंत, निवृत्त कवायत मास्तर, हल्ली मुक्काम परळ, मुंबई, यांस –

एवढं लांबलचक नाव रागाने लिहिलंय, हे तुला कळलं असेलच. अरे मेल्या, शिमगा झाला आणि बोटीत बसून लेकाकडे गेलास, ते एक वेळ समजू. पावसाळ्यात बोटी बंद, तेही समजू. पण टपाल तर बंद नव्हतं ना? गणपतीला आळीतले सगळे चाकरमानी आले आणि गेले. तू नाहीस, तुझा हरिश्चंद्र नाही, साधं एक कार्डही नाही. शाळेत एका बाकावर बसलेली माणसं आपण!

काल दसरा. आपली जोडसायकल पडवीतून बाहेर काढली. पावसाळाभर गोणपाट घालून ठेवली होती, तरी साखळीला गंज चढलाच. धुतली, तेल घातलं, दोन्ही हँडलांना झेंडूच्या माळा बांधल्या. त्या गोऱ्या इंजिनियरने विलायतेला परत जाताना हे दोन माणसांचं धूड आपल्या गळ्यात मारलं, तेव्हा सारी आळी हसली होती, आठवतं? ‘बैलजोडी चालली’ म्हणून पोरं मागे धावायची. पण दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत दर रविवारी आपण बाहेर पडलो आणि आसपासचा एक रस्ता सोडला नाही.

नारळ हातात घेतला आणि अडलो. गाऱ्हाणं कोणी घालायचं? पुढच्या सीटवर बसणाऱ्याने देवाला हाक मारायची आणि मागच्याने ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, हा आपला नेम. पुढची सीट तुझी, मान तुझा. मी आपला कायमचा मागे बसून ‘होय म्हाराजा’ करणारा. शेवटी मीच सुरू केलं, “बा देवा भैरी म्हाराजा, ही दोन चाकांची बैलजोडी आज बाहेर काढलेली आहे, तिला चढाला, उताराला, वळणाला सांभाळ म्हाराजा!” आणि थांबलो. मागून कोणी बोलेचना. तेवढ्यात तुझी वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, “होय म्हाराजा! आता पाटावर या, वडे गार होतायत.” घ्या! असं झालं यंदाचं गाऱ्हाणं.

माझा गुन्हा काय, तो तरी सांग. शिमग्याआधीच्या त्या रविवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात, हातखंब्याच्या तिठ्यावर पेंढ्याची गाडी उभी होती. बैलसुद्धा सोडून ठेवलेले. ही एवढी मोठी गाडी! आणि तू घंटी नाही, ब्रेक नाही, सरळ पेंढ्यात नेऊन घातलंस. तुझे डोळे काय चरायला गेले होते? मी पेंढा झटकत उठलो आणि चहाच्या दुकानासमोर सगळ्यांदेखत म्हणालो, “उतर खाली, आजपासून पुढे मी.” कोणीही म्हणालं असतं. तू भांडला असतास, दोन शिव्या घातल्या असत्यास, तर तिथल्या तिथे मिटलं असतं. तू मुकाट्याने सर्व्हिस मोटारीत जाऊन बसलास आणि मी ते धूड एकटा ढकलत घरी आलो. एवढा कसला रे ताठा?

आपट्याचं पान सोबत घातलंय. सोनं घे आणि एक शिवी तरी लिहून पाठव.

तुझा
भिकाजी मयेकर
(कोर्टाच्या नाझरकीतून सुटलेला, तुझ्यातून न सुटलेला)


रत्नागिरी
कोजागिरीनंतरचा रविवार

महिपत,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण न बोलता राहणं मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझ्यावाचून अडत नाही हे दाखवायला आज धाकू भाटकराला घेऊन निघालो. तोच, आपल्या आळीच्या तोंडावर किराण्याचं दुकान असलेला. मी पुढे, तो मागे. कुवारबावचा चढ लागला आणि वाटलं, कोणी दोर बांधून मागे खेचतंय की काय. वळून बघतो तर धाकूचे दोन्ही पाय हवेत आणि तोंडात शेंगदाणे! म्हणतो कसा, “नाझरसाहेब, मला वाटलं पुढचा ओढतो आणि मागचा बसतो.” म्हटलं, मेल्या, इतकी वर्षं मी मागे बसून काय देवाचं नाव घेत होतो?

रस्ता मात्र काय झालाय म्हणून सांगू! पाऊस उघडलाय, धूळ अजून उडत नाही. वर सड्याच्या माळावरचं गवत पिवळं पडायला लागलंय, खालच्या मळ्यांत भात कापणीला आलंय, पऱ्या-ओढ्यांना अजून खळखळ पाणी आहे. सकाळचं धुकं असं की सड्यावर आपणच दोघे आहोत असं वाटावं. धाकूला म्हटलं, बघ रे बघ. तो म्हणाला, “होय, यंदा भात बरं आहे, दर उतरणार.”

एक खरं सांगू? पुढे बसून मला करमत नाही. समोर तुझी ती रुंद पाठ नाही, घामाने भिजलेला सदरा नाही, मधेच वाजणारी तुझी शाळेतली शिट्टी नाही. नुसता रस्ता. मला त्याची सवयच नाही रे.

तर ऐक. पुढची सीट तुझी. मी हातखंब्याचं बोलणं मागे घेतो. तू ये आणि पुढे बस, रस्त्यावरच्या पेंढ्याच्या सगळ्या गाड्या मी घरी बसवून ठेवतो. मग तर झालं?

भिकू


रत्नागिरी
भाऊबीज झाल्यावर

महिपत,

तुझ्या सुनेचं, राहीचं पत्र पोचलं. पाकिटावर तुझं अक्षर नाही बघून ते दारातच फोडलं. मग वाचलं.

काचबिंदू. उजवा डोळा कधीचाच गेलेला, डावा श्रावणात गेला. डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही. आणि माझी दोन्ही पत्रं ती पोर तुला मोठ्याने वाचून दाखवत होती. ‘तुझे डोळे काय चरायला गेले होते’, हेही वाचलं असेल. वाचलंस ना गो राही? आणि वर मी लिहितो काय, तर ये आणि पुढे बस! जीभ हासडून फेकावीशी वाटली. पडवीत जाऊन त्या सायकलजवळ बसलो आणि रडलो. तुझ्या वहिनीने बघितलं, तिनेही डोळ्यांना पदर लावला.

पण मेल्या, मला का नाही सांगितलंस? मी कोण परका होतो?

आता एकेक आठवतंय. गेल्या हिवाळ्यात तू सारखा विचारायचास, “समोरून कोण येतंय रे?” आणि मी म्हणायचो, “तुझा सासरा!” तू हसायचास, मीही हसायचो. “पुढचा ओढ्यावरचा साकव दुरुस्त केला काय रे?” असंही विचारायचास. मला वाटायचं, बोलायला विषय काढतोयस. तू माझ्या डोळ्यांनी गाडी हाकत होतास! आणि हातखंब्याला मी शेंगदाण्याचं साल काढत होतो, बघत नव्हतो, म्हणून आपण पेंढ्यात गेलो. असंच झालं ना?

राही लिहिते, तू दिवसभर चाळीच्या गॅलरीत भिंतीला टेकून बसतोस. जिना उतरत नाहीस. अर्ध्या भाकरीवर उठतोस. आणि तिने इथे यायचा विषय काढला की म्हणतोस, “भिकू मला मागे बसवील आणि मिरवील. पालखीत निदान देव तरी असतो, मी नुसती गोणी.”

महिपत, तुला मी ओळखतो. तू सोमवारपासून रविवारची वाट बघणारा माणूस. असा भिंतीला टेकून राहिलास तर तू पुढचा दसरा बघणार नाहीस. मला ते नको आहे. झालं, लिहिलं एकदाचं.

तू ये. मागे बसायचं की नाही, ते इथे येऊन भांड. पण ये.

भिकू


रत्नागिरी
देवदिवाळी

महिपत,

राहीने दोन ओळी पाठवल्या. ‘मामंजी नाही म्हणतात. म्हणतात, भिकूला काय कळणार.’ बरोबर आहे. मला काय कळणार? म्हणून काल एक उद्योग केला.

डोळ्यांवर पंचा घट्ट बांधला आणि धाकूला पुढे बसवून मी मागे बसलो. धाकू घाबरून घामाघूम. त्याच्याकडून आधी भैरीची शपथ घेतली की खरोखर पेडल मारशील. तुझी वहिनी दारात उभी राहून ओरडली, “म्हातारपणी आंधळी कोशिंबीर खेळायला निघालेत! पडलात तर हळद लावायला मी येणार नाही हां.”

पहिलाच उतार लागला आणि मी धाकूच्या कमरेला मिठी मारली. खोटं कशाला सांगू, पार घाबरलो. तोच रस्ता, पण कुठे वळतोय ते कळेना. धाकूला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या. मग चढ आला, पाय कामाला लागले, आणि जरा जिवात जीव आला. वर सड्यावर पोचलो तेव्हा वारा थेट तोंडावर आला. डाव्या अंगाने कापलेल्या भाताचा वास, मग कोणाच्या तरी परसातून बांगडा भाजल्याचा. चाकाखाली खडी गेली तरी कळत होतं, माती गेली तरी कळत होतं. पंच्याच्या आत मला अर्धाअधिक रस्ता दिसला, असं म्हटलंस तरी चालेल. मजा आली रे.

पण नंतर राग आला. धाकू वळेल तिकडे मी वळायचं, तो थांबेल तिथे मी थांबायचं. एकदा तो पानसुपारीला थांबला आणि मला सांगायलाच विसरला. मी मूर्खासारखा सीटवर बसून पेडल शोधतोय! म्हणजे मी गोणीच झालो होतो. तू मागे बसायला नको म्हणतोस ते हे. आता कळलं मला.

डोळे असताना मागे बसणं वेगळं, ते मी खुशीने केलं. हे वेगळं.

घरी येऊन खूप विचार केला आणि एक गोष्ट ठरवली आहे. ती इथे लिहीत नाही. तुझ्या घरात पत्र मोठ्याने वाचलं जातं, आणि हरिश्चंद्राने ऐकलं तर तो तुला बोटीवर पाऊल ठेवू देणार नाही. एवढंच सांगतो, तुला गोणी करून फिरवणार नाही. भैरीची शपथ. यापेक्षा मोठी शपथ माझ्याकडे नाही.

भिकू


रत्नागिरी
संक्रांतीच्या आधी

चि. सौ. राही, तुला आणि हरिश्चंद्राला आशीर्वाद.

महिपत स्वतःच्या तोंडाने ‘जातो’ म्हणाला, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि तुझ्या काकीने देवापुढे साखर ठेवली. हरिश्चंद्र ‘कशाला ही दगदग’ म्हणतो, त्याच्यावर रागावू नकोस. बापाला जपतोय पोर. फक्त काचेच्या भांड्यासारखं जपू नये, एवढंच त्याला कळत नाही. त्याला सांग, काकाने लिहिलंय की मास्तरला रोज मासे आणि पेज मिळेल, सावलीत बसवू, आणि संध्याकाळी देवळात नेऊ. यातलं काहीच खोटं नाही. सगळंच सांगितलेलं नाही, इतकंच.

आळीतला भागोजी गोदीत कामाला आहे, तो त्याच बोटीने येतोय. मास्तरला त्याच्याबरोबर पाठव. इथे बोट लांब समुद्रात उभी राहते आणि मचव्यात उतरावं लागतं, तुला माहीत आहेच. मी मचव्यातून बोटीच्या शिडीखाली येऊन थांबेन. भागोजीला सांग, मास्तरला कडेवर घेतल्यासारखं उतरवू नको. माझा हात पुढे असेल, तो बरोबर पकडेल.

तू लिहिलंस, ‘काका, तुम्ही काय ठरवलंय ते मी ओळखलं, पण कोणाला बोलले नाही.’ शहाणी ग माझी बाय! तशीच गप्प राहा.

त्याची शिट्टी त्याच्या ट्रंकेत असेल, ती शोधून त्याच्या खिशात घाल.

तुझा
भिकूकाका


रत्नागिरी
माघ, सोमवार

चि. सौ. राही,

हे पत्र आधी एकटीने वाच. मग त्यातलं जेवढं झेपेल तेवढं हरिश्चंद्राला वाचून दाखव.

मास्तर सुखरूप पोचला ते मागेच कळवलं. किती वाळलाय गो! पहिले काही दिवस पडवीत बसून राहिला. सायकल तिथेच, हाताच्या अंतरावर. पण त्याने तिला हात लावला नाही आणि मीही विषय काढला नाही. काकी त्याला ताटावर बसवून आग्रह करायची, तो “पुरे वहिनी” म्हणायचा. काल रविवार. सकाळी मी म्हटलं, “चल.” तो म्हणाला, “शपथ घेतली होतीस, गोणी करणार नाही म्हणून.” मी म्हटलं, “नाझरची शपथ आहे, मोडत नाही. आधी बस तर.”

मागे बसला. तोंड हे एवढं वाकडं. कुवारबावचा चढ लागला आणि त्याचे पाय लागले पेडलला. काय सांगू तुला! धाकूला ओढून ओढून माझ्या कंबरेचा काटा ढिला झाला होता, आणि काल ती सायकल अशी वर गेली की मला वाटलं आपण पुन्हा नोकरीत आहोत. आंब्यांना मोहोर आलाय. तो मागून म्हणाला, “मोहोर यंदा दाट आहे.” चढ संपेपर्यंत एवढंच बोलला.

वर सड्यावर एक जुनी गाडीवाट आहे. सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना नुसता कातळ. ना झाड, ना दगडांचा गडगा, ना माणूस. तिथे गुरंसुद्धा नसतात, मी आधी जाऊन बघून आलो होतो. तिथे थांबलो आणि म्हटलं, “उतर.”

“काय झालं? पंक्चर?”

“उतर आणि पुढे बस.”

तो जागचा हलला नाही. मग हळू म्हणाला, “भिकू, आंधळ्याची थट्टा करतोस?”

“थट्टा करायला एवढा चढ चढलो काय मी? डोळे माझे, हात तुझे. मागच्या हिवाळ्यात तू हेच केलंस, मला न सांगता. आता सांगून कर.”

राही, तो रडला. मीही रडलो. दोन म्हातारे, ऐन उन्हात, कातळावर उभे राहून. मग त्याने चाचपत हँडल पकडलं. खिशातून शिट्टी काढून गळ्यात घातली. आणि एकदम मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा भैरी म्हाराजा! हा मागे बसलेला म्हातारा खुळावलेला आहे, त्याला सांभाळ म्हाराजा!”

मी ओरडलो, “होय म्हाराजा!”

आणि निघालो गो! सुरुवातीला सायकल झिंगल्यासारखी चालली. मी मागून ओरडतोय, “जरा डावीकडे, सरळ, सरळ, आता उजवीकडे!” आणि तो शिट्टी वाजवतोय. मग वेग पकडला, आणि मग तो ऐकेचना. वारा कानात शिरला, त्याचा सदरा फडफडायला लागला, त्याची पाठ पुन्हा माझ्या समोर. मी त्या पाठीकडे बघत राहिलो. तिथेच चुकलं. कातळ संपला, वाट वळली आणि मी बघितलंच नाही. आम्ही दोघे थेट करवंदीच्या जाळीत.

घाबरू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. नुसते काटे. मी ओरडलो, “महिपत! महिपत, लागलं काय रे?” जाळीतून आवाज आला, “पेंढा आहे काय?”

“नाही रे, करवंद.”

“मग उतर खाली! मागे बसून एवढं बघता येत नाही, तर आजपासून मागे धाकू!”

आणि तो हसला. जाळीत उताणा पडून, अंगभर ओरखडे, असा हसला की मला त्याला बाहेर ओढताच येईना. शाळेपासून ओळखतो त्याला, असा हसलेला आठवत नाही.

घरी आल्यावर काकीने समईजवळ बसवून आमचे दोघांचे काटे काढले आणि प्रत्येक काट्याला एक शिवी दिली. त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथी मागितली. येत्या रविवारी पुन्हा जायचं म्हणतो, आणि धाकूला घेऊ नको, ते नुसतं चिडवायला बोललो होतो, असंही म्हणतो.

आता काम ऐक. त्याची लोकरीची बंडी आणि जुने कॅनव्हासचे बूट पाठव, सकाळी सड्यावर गारवा असतो. हरिश्चंद्राला सांग, बाप शिमगा झाल्याशिवाय येत नाही. खरं म्हणजे शिमग्यानंतरही येईल असं मला वाटत नाही. जमलं तर तुम्हीच दसऱ्याला इकडे या. दसऱ्याचं गाऱ्हाणं तोच घालणार, हे त्याने मला आत्ताच, काटे काढता काढता, बजावून ठेवलंय.

मी काय म्हणणार? होय म्हाराजा.

तुझा
भिकूकाका